इद्रीस हसन लतीफ : एका वैमानिकाची नोकरी

(मालवण इथे महाविद्यालयीन मुला-मुलींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला होता ‘सैन्यातले मुस्लिम’. मी आयोजकांना म्हटलं, एवढा मोठा विषय मला झेपणार नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पुण्यात नोकरी करतो. एकाच माणसाबद्दल बोलतो, पण नीट बोलतो. ते म्हणाले, चालेल. तो माणूस म्हणजे एअर चीफ मार्शल इद्रीस हसन लतीफ. हे नाव किती जणांनी ऐकलंय, हात वर करा. चार. त्यातले दोघे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे दिसतायत, म्हणजे त्यांना ते पाठ असणारच!

१ सप्टेंबर १९७८ ते ३१ ऑगस्ट १९८१ अशी पूर्ण तीन वर्षं लतीफ भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. भूदल, नौदल, हवाई दल या तिन्हीपैकी एखाद्या दलाचा प्रमुख झालेले ते आजवरचे एकमेव मुस्लिम. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात हे एका ओळीत संपतं. आपल्या सभांमध्येही तेवढ्यावरच संपतं. आपल्याकडे नावांची एक यादी तयार असते. इथे समोर सिंधुदुर्ग किल्ला दिसतोय, तेव्हा सुरुवात शिवाजी महाराजांच्या आरमारातल्या दौलतखानापासून करायची, मग ब्रिगेडियर उस्मान, मग अब्दुल हमीद, मग लतीफ, शेवटी कलाम. यादी वाचायची, टाळ्या घ्यायच्या, खाली बसायचं. या यादीचा मला जरा कंटाळा आलाय. माणसं मोठी आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांनी नेमकं काय काम केलं हे त्या यादीत कुठेच नसतं. चारित्र्याचा दाखला दाखवावा तशी आपण ती लोकांना दाखवत फिरतो. मला लतीफांच्या नोकरीबद्दल बोलायचंय. ते रोज सकाळी उठून कुठल्या कामाला जात होते, त्याबद्दल.

जन्म ९ जून १९२३, हैदराबाद. निजाम कॉलेजात शिकले. अठरा वर्षांचे असताना हवाई दलात भरती झाले आणि १९४२ च्या जानेवारीत अधिकारी झाले. भारतातलं हवाई दल तेव्हा जेमतेम दहा वर्षांचं. ८ ऑक्टोबर १९३२ ला ते स्थापन झालं आणि १९३३ मध्ये कराचीला चार वापिटी विमानांवर सुरू झालं. चार विमानं! आज पुण्याच्या लोहगावला सकाळी धावपट्टीवर याहून जास्त सुखोई रांगेत असतात. माझं ऑफिस तिथून जवळ आहे. सुखोई उडालं की आमची ऑनलाइन मीटिंग दोन मिनिटं बंदच.

लतीफांची पहिली नेमणूक कराचीला, किनारा संरक्षणाच्या तुकडीत. दुसरं महायुद्ध चालू होतं, शत्रूच्या पाणबुड्या अरबी समुद्रात यायच्या आणि मालवाहू बोटी बुडवायच्या. त्या पाणबुड्या शोधायला ही पोरं समुद्रावर उडायची. विमानं कसली, तर वापिटी, हार्ट, ऑडॅक्स. दुहेरी पंखांची, वर छप्पर नसलेली, वेग ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटर. आजची वंदे भारत त्याच्या जवळपास जाते. समुद्रावर खुणा नसतात. डोंगर नाही, देऊळ नाही, मशिदीचा मिनार नाही. इथल्या तांडेलाला विचारा, धुकं पडलं की काय होतं ते. त्याच्या हाताखाली निदान होडी तरी तरंगत असते. या पोरांच्या हातात होकायंत्र, घड्याळ आणि मांडीवर नकाशा. अमुक वेगानं अमुक दिशेला इतकी मिनिटं गेलो, वारा इकडून होता, म्हणजे मी आता इथे असणार, असा हिशेब. चुकलात तर परत यायला पेट्रोल पुरणार नाही. ही नेव्हिगेशनची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

हा समुद्र आपलाच. कोकणातली कितीतरी माणसं तेव्हा कराचीला कामाला होती, मुंबई-कराची बोटीनं जायची-यायची. बोटींवर खलाशी कोण असायचे, हे इथे बसलेल्यांना मी सांगायची गरज नाही. तुमच्यातल्या अर्ध्या घरांत कुणाचे तरी पणजोबा बोटीवर असतील.

१९४३-४४ मध्ये निवडक भारतीय वैमानिकांना इंग्लंडला पाठवलं, त्यात लतीफ होते. तिथे हरिकेन आणि स्पिटफायर ही त्या काळची आधुनिक लढाऊ विमानं ते शिकले. परत आल्यावर ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. तिथल्या काळात दोघांशी त्यांचा चांगला दोस्ताना होता, असगर खान आणि नूर खान. ही दोन नावंही लक्षात ठेवा.

आता १९४७.

फाळणी नुसती जमिनीची झाली नाही. टेबलं, टाइपरायटर, तोफा, विमानं आणि माणसं, सगळं वाटलं गेलं. सैन्यातल्या माणसांसाठी नियम असा होता की पाकिस्तानात गेलेल्या भागातला मुस्लिम असेल तर त्याला भारताचं दल निवडता येणार नाही. उरलेल्या भारतातला बिगरमुस्लिम असेल तर त्याला पाकिस्तानचं दल निवडता येणार नाही. बाकीच्यांनी निवड करायची. म्हणजे लतीफांसारख्या, भारतातल्या मुस्लिम अधिकाऱ्याला खरोखरचा पर्याय होता. असगर खान आणि नूर खान या दोघांनीही त्यांना आग्रह केला, आमच्याकडे ये. नवं दल, अधिकारी कमी, वर जायला वाट मोकळी. पुढे काय झालं बघा. असगर खान १९५७ मध्ये पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांचं वय चाळीसही नव्हतं. त्यांच्यानंतर १९६५ मध्ये नूर खान झाले. लतीफांना प्रमुखपदासाठी १९७८ पर्यंत थांबावं लागलं. पंचावन्न वर्षांचे झाले तेव्हा. नोकरीचा निव्वळ हिशेब मांडला तर त्यांनी तोट्याचा पर्याय निवडला होता. मित्रांना त्यांनी सांगितलं ते एवढंच, की माझ्या लेखी धर्म आणि देश या एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी नाहीत.

इथे एक बारकावा आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये हैदराबाद भारतात नव्हतं. निजामाचं संस्थान तेव्हा ना भारतात, ना पाकिस्तानात. ते भारतात आलं सप्टेंबर १९४८ मध्ये. म्हणून तर मराठवाडा आपला मुक्तिदिन १७ सप्टेंबरला करतो. म्हणजे लतीफांनी भारत निवडला तेव्हा त्यांचं स्वतःचं घर, गाव, कॉलेज अजून भारतात यायचं होतं. एक वर्षभर हा माणूस ज्या देशाच्या हवाई दलात होता, त्या देशात त्याचं गाव नव्हतं. ते कसं गेलं असेल, मला कल्पना करवत नाही.

तुम्ही इथे बसलेल्या पोरांनी क्रिकेटच्या मॅचच्या वेळी, नाहीतर मोबाइलवर कुणाच्या तरी पोस्टखाली ‘पाकिस्तानात जा’ कधी ना कधी वाचलं असेल. राग येतो. मलाही येतो. मग कुणीतरी लतीफांचं नाव फेकतं, हे बघा, आमचा माणूस! माझं म्हणणं आहे, ते करू नका. लतीफांनी उत्तर दिलं ते सरकारनं अधिकृतपणे विचारलेल्या प्रश्नाला. दोन्ही पर्याय खरे होते, मुदत होती, आणि उत्तराचे परिणाम आयुष्यभर भोगायचे होते. तुमच्यासमोर तो प्रश्न कुणी ठेवलेला नाही. तुमच्या आजोबा-पणजोबांसमोर होता, त्यांनी मालवणात, बांद्यात, खारेपाटणात राहून तो निकालात काढला. मॅच हरल्यामुळे चिडलेल्या कुणा सोम्यागोम्याला तो पुन्हा उघडायचा अधिकार नाही आणि त्याला उत्तर द्यायचं बंधन तुमच्यावर नाही.

असो. पुढे जाऊ.

स्वातंत्र्यानंतर लतीफ स्क्वाड्रन लीडर झाले, चार नंबरच्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. विमान होतं टेम्पेस्ट. १९५० साली देश प्रजासत्ताक झाला, त्या पहिल्या सोहळ्यात दिल्लीवरून विमानांनी जी सलामी दिली तिचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. ज्या दिवशी राज्यघटना लागू झाली, त्या दिवशी तिच्यावरून उडणाऱ्या विमानांत पुढे हा माणूस. पुढे अमेरिकेत आपल्या दूतावासात हवाई दलाचे प्रतिनिधी म्हणून होते. मधल्या नेमणुका मी गाळतो. १९७१ च्या युद्धाच्या वेळी ते मुख्यालयात नियोजनाचं काम बघणारे साहाय्यक हवाईदल प्रमुख होते. नियोजन म्हणजे कुठली विमानं हवीत, किती, कुठून आणायची, पैसा कुठून, वैमानिक कोण तयार करणार. सिनेमात हे कधीच दाखवत नाहीत, कारण यात कुणी उडी मारत नाही, कुणी गाणं म्हणत नाही. पण युद्ध त्यावर चालतं.

१९७८ ला ते प्रमुख झाले. त्यांच्या आधीचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर, मुंबईत जन्मलेले, १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातल्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळालेले. म्हणजे मराठी माणसानं सूत्रं दिली ती हैदराबादी माणसाच्या हातात. पुढे प्रदीप नाईक प्रमुख झाले २००९ ला, नागपूरचे. मग २०२१ ते २०२४ विवेक राम चौधरी, नांदेड जिल्ह्यातले. नांदेड म्हणजे जुनं निजामाचं राज्य, लतीफांचंच. हवाई दलाच्या प्रमुखांची यादी एकदा बसून वाचा. अस्पी इंजिनिअर आणि फली मेजर पारशी, अर्जन सिंग शीख, डेनिस ला फोंतेन आणि नॉर्मन ब्राउन ख्रिश्चन. लहान समाजांची माणसं तिथे पोचलेली दिसतात. मुस्लिम मात्र एकच, आणि त्यांना निवृत्त होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. हे बोलायला मला संकोच वाटत नाही. का, याची कारणं दोन्हीकडे शोधावी लागतील. सच्चर समितीच्या वेळी, २००६ मध्ये, सैन्यातल्या मुस्लिमांची नुसती आकडेवारी मागितली तर केवढा गदारोळ झाला होता. आकडेच नसतील तर चर्चा कशाच्या आधारे करणार? आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो, मोजता येत नाही ते दुरुस्त करता येत नाही. पण आकडे येतील तेव्हा येतील. तोवर अर्ज तरी भरायला हवेत.

आता जॅग्वार. इथे मी जरा रमणार आहे, सहन करा.

साठ-सत्तरच्या दशकात आपल्या हवाई दलाकडे शत्रूच्या हद्दीत खोल शिरून हल्ला करायला कॅनबेरा आणि हंटर होती. दोन्ही जुनी होत चालली होती. नवं विमान हवं, ही मागणी फायलीत आठ-एक वर्षं पडून होती. आमच्या क्षेत्रातल्यांना हे ओळखीचं आहे. सगळे म्हणतात गरज आहे, पण सही कुणी करत नाही. तीन विमानं स्पर्धेत होती. ब्रिटन-फ्रान्सचं जॅग्वार, फ्रान्सचं मिराज एफ-१ आणि स्वीडनचं व्हिगन. अखेर जॅग्वार ठरलं. सरकारची मंजुरी मिळवण्यात लतीफांचा मोठा वाटा मानला जातो. पहिली जॅग्वार जुलै १९७९ मध्ये अंबाल्याला उतरली, चौदा नंबरच्या स्क्वाड्रनसाठी. वेळ वाया जाऊ नये म्हणून ब्रिटिश हवाई दलाकडून अठरा विमानं चक्क उसनी घेतली होती, आपली तयार होईपर्यंत. शेजाऱ्याकडून लग्नाला भांडी आणावीत तशी! नंतरची विमानं बंगळुरूला हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनली. आपण त्याचं नाव ठेवलं शमशेर.

त्या तीन वर्षांत देशानं तीन पंतप्रधान पाहिले, मोरारजी देसाई, चरण सिंग, इंदिरा गांधी. आधीच्या सरकारनं केलेला खरेदी करार पुढच्या सरकारला नेहमी संशयास्पद वाटतो. तरीही जॅग्वारचा कार्यक्रम टिकला. शिवाय रशियाशी बोलणी करून मिग-२३ आणि मिग-२५ आणण्यातही लतीफ होते. एकाच वेळी लंडनशीही व्यवहार आणि मॉस्कोशीही, आणि तोही शीतयुद्धाच्या काळात. याला फक्त विमान उडवता येऊन चालत नाही. किमती कळाव्या लागतात, सुटे भाग किती वर्षं मिळणार हे विचारावं लागतं, आणि मंत्रालयातल्या ज्या सचिवानं आयुष्यात कॉकपिट पाहिलं नाही त्याला न दुखावता समजावून सांगावं लागतं.

मघाशी नेव्हिगेशन लक्षात ठेवा म्हटलं होतं. जॅग्वार जमिनीलगत, प्रचंड वेगात उडतं. अशा वेळी वैमानिक नकाशा मांडीवर घेऊन बसू शकत नाही. मी कुठे आहे, लक्ष्य कुठे आहे, बॉम्ब कधी सोडायचा, हे संगणकानं सांगायला हवं. ब्रिटिशांनी बसवलेली यंत्रणा होती, पण ती आधीच्या पिढीची. ऐंशीच्या दशकात आपल्या लोकांनी बंगळुरूला बसून नवी यंत्रणा जुळवली, तिचं नाव डॅरिन. त्यातले भाग परदेशी होते, पण ते भाग एकमेकांशी बोलणार कसे, कुणाची माहिती कुठल्या क्षणी वैमानिकाच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर उमटणार, हे जुळवण्याचं काम इथे झालं. आज आपण याला सिस्टिम इंटिग्रेशन म्हणतो आणि त्यावर लाखोंचे पगार घेतो. त्या वेळी हे करणाऱ्यांत हवाई दलाचे अधिकारी होते, एचएएल आणि डीआरडीओचे इंजिनिअर होते. डॅरिनच्या पुढच्या आवृत्त्या आजही निघतात. मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी शिकवलं नाही. हवाई दल म्हणजे फक्त पायलट, असंच मलाही वाटायचं.

पुढे जॅग्वारचीच एक सागरी आवृत्ती आली, बोटींवर हल्ला करणारी. फ्रेंच रडार, ब्रिटिश क्षेपणास्त्र, जुळवणी भारतातली. सहा नंबरच्या स्क्वाड्रनकडे ती विमानं गेली, आधी पुण्याला आणि नंतर जामनगरला. काम कुठलं, तर अरबी समुद्र. १९४२ मध्ये लतीफ ज्या पाण्यावर वापिटीतून डोळे ताणून पाणबुड्या शोधत होते, तेच हे पाणी.

जॅग्वारबद्दल आणखी एक सांगायला हवं, नाहीतर मी नुसतं कौतुक केल्यासारखं होईल. ब्रिटन, फ्रान्स, ओमान या सगळ्यांनी जॅग्वार कधीच निवृत्त केली. आता ती फक्त आपल्याकडे उडतात. २०२५ या एका वर्षात तीन जॅग्वार पडली आणि त्यांत आपले तरुण वैमानिक गेले. लतीफांनी आणलेलं विमान त्यांच्या निवृत्तीनंतर चार दशकांहून जास्त काळ वापरावं लागतंय, याचा दोष त्यांच्याकडे जात नाही. पण वरच्या खुर्चीतल्या एका सहीचं वजन किती असतं, ते यावरून कळतं. त्या वेळी जन्मालाही न आलेली मुलं त्या सहीवर उडतात.

निवृत्तीच्या आदल्या दिवसांत लतीफ बरेलीला गेले आणि नुकत्याच आलेल्या मिग-२५ मधून शेवटचं उड्डाण केलं. हे विमान आवाजाच्या अडीच पटीहून अधिक वेगानं जातं, म्हणजे ताशी जवळजवळ तीन हजार किलोमीटरची त्याची क्षमता. हवाई दलातली जवळपास सगळी लढाऊ विमानं त्यांनी स्वतः चालवलेली होती. सुरुवात ताशी दोनशेच्या वापिटीवर, शेवट तीन हजारांच्या मिगवर. मध्ये एकोणचाळीस वर्षं. आम्हाला दर तीन वर्षांनी नवी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी लागते म्हणून आम्ही रडत असतो.

यानंतरचा भाग महाराष्ट्राचा आहे. मार्च १९८२ मध्ये लतीफ आपल्या राज्याचे राज्यपाल झाले, एप्रिल १९८५ पर्यंत होते. गंमत म्हणजे त्यांच्या आधीचे राज्यपाल ओमप्रकाश मेहरा, तेही निवृत्त हवाईदल प्रमुखच. आपला सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा वर्षभराचा होता, १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा निघालेला. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर बाबासाहेब भोसले. लतीफ राजभवनात आले तेव्हा गिरणी संप सुरू होऊन दीड-दोन महिने झाले होते. गिरणगावात मालवणी माणूस किती होता, आणि त्या संपानंतर कितीजण ट्रंक घेऊन एसटीनं गावी परत आले, हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि मे १९८४ मध्ये भिवंडीत दंगल झाली, ती मुंबईपर्यंत पसरली. शेकडो माणसं मेली, त्यांत मुस्लिम खूप होते. राजभवनात त्या वेळी एक मुस्लिम राज्यपाल होते, भारताच्या हवाई दलाचे माजी प्रमुख. राज्यपालाच्या हातात पोलीस नसतात. घटनेनं त्याला मर्यादा घातलेल्या आहेत आणि त्या बरोबरच आहेत. पण आपला एक माणूस मोठ्या खुर्चीवर बसला की समाज सुरक्षित झाला, या भ्रमात राहणाऱ्यांनी मे १९८४ आठवावा. त्या महिन्यात गल्लीतल्या पोलीस चौकीत कोण बसलं होतं, हे राजभवनापेक्षा जास्त महत्त्वाचं होतं.

त्यांच्या पत्नी बिल्कीस लतीफ मुंबईतल्या त्या वर्षांत धारावीकडे वळल्या, तिथल्या बायकांसोबत काम केलं. २००९ मध्ये त्यांना समाजकार्यासाठी पद्मश्री मिळाली. पतीचं चरित्रही त्यांनीच लिहिलं. इंग्रजीत आहे, मिळालं तर वाचा. राज्यपालपदानंतर लतीफ फ्रान्समध्ये भारताचे राजदूत होते १९८८ पर्यंत, मग हैदराबादला परतले. २०१७ मध्ये बिल्कीस गेल्या, ३० एप्रिल २०१८ ला ते गेले. चौऱ्याण्णव वर्षांचे होते.

आता तुमच्या कामाचं बोलतो, कारण काही जणांनी आल्या आल्या मला परीक्षेबद्दल विचारलं.

२०२३ च्या ४ डिसेंबरला तारकर्लीला नौदल दिन झाला, तेव्हा तुमच्यातले बरेच जण किनाऱ्यावर असणार. डोक्यावरून मिग-२९के गेली. ती गोव्याच्या दाबोळीतल्या आयएनएस हंसा या तळावरची. मालवणातून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. म्हणजे हे जग लांब नाही. पण तिथे जायची वाट आपल्या घरात कुणाला ठाऊक नसते. बोटीवर जायची वाट ठाऊक असते, आखातात जायची असते, ही नसते.

बारावीला असाल आणि फिजिक्स, केमिस्ट्री, गणित असेल तर एनडीएची परीक्षा. यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताचा पेपर तीनशे गुणांचा, सामान्य क्षमतेचा सहाशेचा, आणि पुढे मुलाखत म्हणजे एसएसबी, पाच दिवसांची, नऊशे गुणांची. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. म्हणून मराठी आणि उर्दू माध्यमाच्या मुलांनी आठवीपासूनच गणिताच्या इंग्रजी संज्ञा अंगवळणी पाडायला हव्यात. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व संस्था आहे, दहावीनंतर प्रवेश, सगळी तयारी करून घेतात. आपल्याच जिल्ह्यात आंबोलीला सैनिक स्कूल आहे. निवड झाली तर तीन वर्षं खडकवासला, मग हवाई दलासाठी हैदराबादजवळ दुंडिगल. लतीफांचंच शहर.

मुलींसाठी मुद्दाम सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींनाही खुली झाली, पहिली तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली. इथे मागे बसलेल्या मुली मघापासून मुलांपेक्षा जास्त लिहून घेतायत, ते मला दिसतंय.

पदवीनंतर एएफसीएटी ही हवाई दलाची स्वतःची परीक्षा. उड्डाण शाखेला वय चोवीसपर्यंत, तांत्रिक शाखेला सव्वीसपर्यंत, इंजिनिअरिंगला साठ टक्के लागतात. चष्मा आहे म्हणून ज्यांना घरी बसवलं जातं त्यांनी तांत्रिक शाखेचे निकष एकदा स्वतः वाचावेत. उडवणारा एक असतो, ते विमान उडण्यालायक ठेवणारे कितीतरी असतात. कलाम साहेबांचंच बघा, त्यांना वैमानिक व्हायचं होतं. देहरादूनला आठ जागा होत्या आणि त्यांचा नंबर नववा आला.

आणखी एक प्रश्न मला दर वेळी एकांतात विचारतात. इथे उघड सांगतो. दाढी. हवाई दलात मुस्लिम कर्मचाऱ्याला दाढी ठेवता येत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे प्रकरण गेलं होतं, न्यायालयानं हवाई दलाच्या बाजूनं निर्णय दिला. शीखांना मुभा आहे. हा भेद योग्य की अयोग्य, यावर माझं मत आहे, तुमचंही असेल. पण अर्ज भरण्याआधी नियम माहीत असावा, प्रशिक्षणाच्या सहाव्या महिन्यात कळू नये. ज्याला हे चालणार नाही त्यानं दुसरं क्षेत्र निवडावं, त्यात कमीपणा नाही. ज्याला चालेल त्याला मोहल्ल्यात कुणी ‘हा मुसलमान कसला’ म्हणून टोमणे मारू नयेत. तेवढी सभ्यता आपण दाखवू शकतो.

आणि घरच्यांचं. आईला वाटतं पोरगं मरेल. अब्बांना वाटतं, आपल्याला तिथे घेतच नाहीत. पहिली भीती खरी आहे, मी ती कमी करून सांगणार नाही. मघाशी जॅग्वारचं बोललोच. दुसऱ्या गोष्टीवर माझं एकच म्हणणं, की लेखी परीक्षेत उत्तरपत्रिका तपासणारा नाव बघत नाही. पुढे मुलाखतीत, नोकरीत, बढतीत कधी अन्याय झाला तर त्याच्याशी भांडायच्या रीती आहेत, सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. पण भांडायला आधी आत असावं लागतं.

मागच्या टेबलावर एनडीएच्या जुन्या पेपरांच्या झेरॉक्स ठेवल्यात, पंचवीस संच आहेत, दोघांत एक घ्या. गणिताचा पेपर आज रात्री घड्याळ लावून सोडवा, अडीच तास. जिथे अडाल तिथे खूण करा. उद्या सकाळी दहाला मी याच हॉलमध्ये आहे, खुणा घेऊन या. आता चहा येतोय, तोवर प्रश्न विचारा. मागच्या मुलींपासून सुरुवात करू.